फाळक्यांची चाळिशी आणि तलवाड्याचा कोयता

गेवराई तालुक्यातले तलवाडा हे गाव बाहेरच्यांना त्वरितादेवीमुळे माहीत असते. पण या सगळ्या भागाची खरी ओळख देवीची नाही, कोयत्याची आहे. दसरा-दिवाळी आली की बीड जिल्ह्यातून लाखो माणसे आपले बिऱ्हाड ट्रकवर, ट्रॅक्टरवर, बैलगाडीवर टाकून पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडे निघतात. मुकादमाकडून घेतलेली उचल अंगावर असते, ती फेडायची असते. ऊसतोडीच्या हिशेबात नवरा आणि बायको अशी दोन माणसे मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. नवरा ऊस तोडतो, बायको मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहते, पहाटे उठून भाकऱ्याही तीच थापते. मोजताना मात्र दोघे मिळून एक. असा कोयता चाळिशीला आला की त्याची कंबर गेलेली असते आणि पोरगा नवा कोयता होऊन उभा राहिलेला असतो. बाबा रे, तुला आता आयुष्यात दुसरे काही करावेसे वाटते काय, चित्र काढावे, गाणे रचावे, असे त्याला कोणी विचारत नाही.

शहरात हा प्रश्न विचारण्याची आता पद्धतच पडली आहे. बँकेतला साहेब पंचेचाळिसाव्या वर्षी राजीनामा देऊन चित्रकार होतो, इंजिनियर मातीची भांडी घडवू लागतो, आणि रविवारच्या पुरवणीत त्यांचे हसरे फोटो छापून येतात. आम्ही त्या माणसांना हसत नाही. पोटाचा धंदा सोडून मनाचा धंदा धरायला छाती लागते. परंतु ही छाती कोणाच्या जोरावर पुढे येते, ती फसली तर खाली कोणते जाळे धरलेले असते, आणि ज्याच्या खाली जाळेच नाही त्याने काय करायचे, हे त्या पुरवण्या कधी सांगत नाहीत. ते बघायचे असेल तर महाराष्ट्रात घडलेले या प्रकारचे सर्वांत मोठे उदाहरण बघावे. ते म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके. चळवळीच्या दैनिकात फाळके कशाला, असे काही वाचक विचारतील. त्यांनी थोडा धीर धरावा.

बाबासाहेबांनी १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी जे भाषण लिहिले आणि जे त्यांना तिथे करू दिले गेले नाही, त्यात एक मुद्दा असा आहे की जातिव्यवस्था कामे वाटत नाही, काम करणारी माणसेच वाटून टाकते. माणसाचा कल कोणता, त्याचे कसब कशात आहे, याला तिथे किंमत नाही. बापाचा धंदा तो पोराचा धंदा. उद्योगधंदे बदलतात, जुने बुडतात, नवे निघतात. अशा वेळी माणसाला धंदा बदलता आला पाहिजे, तो बदलता येत नाही म्हणून तो उपाशी मरतो, आणि देशातल्या बेकारीचे जातिव्यवस्था हे एक थेट कारण आहे, असे बाबासाहेबांनी तिथे मांडले आहे. आपण त्या ग्रंथातले शास्त्रांविषयीचे, देवाधर्माविषयीचे भाग पुन्हा पुन्हा वाचतो. धंदा बदलण्याच्या हक्काचा हा भाग मात्र घाईने ओलांडून जातो. आमच्या मते फाळक्यांचे चरित्र या भागाशेजारी ठेवून वाचावे.

फाळके ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी जन्मले. घर शास्त्र्यांचे. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित, पुढे मुंबईच्या कॉलेजात शिकवायला आले. शास्त्र्याच्या पोराने पोथी धरायची, हा नियम त्याही घराला होता. पण वरच्या मजल्यावर राहणाऱ्याला खालच्या मजल्यावर उतरण्याची जेवढी मोकळीक असते, तेवढी खालच्याला वर चढण्याची नसते. धुंडिराजाला चित्रांचा नाद होता, म्हणून त्याला १८८५ साली जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये घातले गेले. मग तो भावाकडे बडोद्याला गेला. सयाजीरावांच्या राज्यात १८९० साली कलाभवन निघाले होते, प्राध्यापक गज्जर ते चालवीत. तिथे फाळके चित्रकला शिकले, मातीकाम शिकले, फोटोग्राफी शिकले, छपाईचे ठसे करायला शिकले. रतलामला जाऊन तीनरंगी ठशांची विद्याही त्यांनी घेतली. एवढे दरवाजे एका तरुणासाठी उघडले, आणि ते त्याने मेहनतीने वापरले, हे दोन्ही खरे आहे.

बडोद्याचा उल्लेख आला म्हणून सांगतो. याच बडोद्यात १९१७ साली परदेशी विद्यापीठात शिकून आलेला एक तरुण याच महाराजांच्या नोकरीत रुजू झाला होता. त्याला शिकायला पाठवले होते ते याच महाराजांनी, हे आम्ही विसरत नाही. पण गावात त्याला राहायला खोली मिळाली नाही. पारशी पथिकाश्रमात तो नाव बदलून राहिला, काठ्या घेतलेल्या माणसांनी त्याला तिथून हाकलले आणि तो बागेत बसून रडला. फाळक्यांच्या आणि बाबासाहेबांच्या बडोद्यात वीस-पंचवीस वर्षांचे अंतर आहे, राजा एकच आहे.

फाळक्यांच्या पुढच्या वीस वर्षांत धंद्यामागून धंदे आहेत. १८९५ च्या सुमारास गोध्र्याला फोटोचे दुकान घातले. कॅमेरा माणसाचे आयुष्य ओढून घेतो असा समज त्या वेळी लोकांत होता, त्यामुळे गिऱ्हाईक बेताचेच. १९०० साली प्लेगमध्ये पहिली बायको आणि मूल दोन्ही गेले. माणूस परत बडोद्याला आला. नाटकांचे पडदे रंगवले. जादूचे प्रयोग केले, त्यासाठी आपलेच आडनाव उलटे करून ‘प्रोफेसर केळफा’ असे सोंगही घेतले. १९०२ साली दुसरे लग्न झाले. या बाईंविषयी आम्हाला पुढे बरेच सांगायचे आहे. १९०३ साली पुरातत्त्व खात्यात नकाशे काढणारा आणि फोटो घेणारा म्हणून सरकारी नोकरी लागली. तीनेक वर्षांत ती सोडून लोणावळ्याला छापखाना काढला, राजा रविवर्म्याच्या छापखान्याची कामे केली. तोच छापखाना दादरला लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स या नावाने वाढला. १९०९ साली यंत्रे आणायला फाळके जर्मनीला जाऊन आले. आणि मग भागीदाराशी बिनसले. उभ्या केलेल्या धंद्यातून हा माणूस रिकाम्या हाताने बाहेर पडला. वय चाळीस. घरात बायको, लेकरे. डोक्यावर नवे कोणतेही छप्पर नाही.

इथे त्यांच्या हाती जुनी नोकरी शोधण्याचा रस्ता होता. छपाईतला असा कारागीर मुंबईत कोणीही ठेवून घेतला असता. परंतु १९१०-११ च्या दरम्यान गिरगावात तंबूवजा थिएटरात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा बोलपट नव्हे, मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त चालत होता आणि फाळक्यांना त्याच्या जागी राम आणि कृष्ण दिसू लागले. दुसऱ्या खेळाला त्यांनी बायकोलाही नेले. त्या दिवसापासून त्यांना दुसरे काही सुचेना. रोज सिनेमे पाहायचे, घरी येऊन खेळण्यातल्या कॅमेऱ्यावर, फिल्मच्या तुकड्यांवर प्रयोग करायचे, झोप दोन-तीन तास. डोळे इतके बिघडले की दिसेनासे झाले. डॉक्टरांनी उपचार केले, तीन-चार चष्मे दिले, तेव्हा पुन्हा थोडे दिसू लागले. नातेवाइकांना वाटले, माणूस वेडा झाला. घरातले सामान विकले जाऊ लागले.

मग विम्याच्या पॉलिसी गहाण पडल्या. बारा हजारांच्या पॉलिसींवर दहा हजार रुपये उभे राहिले आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी फाळके लंडनला निघाले. तिथे सिनेमाच्या साप्ताहिकाच्या संपादकाने मदत केली, हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम बघायला मिळाले, विल्यमसन कॅमेरा, फिल्मला भोके पाडायचे यंत्र आणि छपाईचे यंत्र घेऊन ते दोन महिन्यांत परत आले. वाचकांनी दहा हजार हा आकडा नीट बघावा. १९१२ साली हॉटेलातल्या आचाऱ्याला महिना दहा रुपये पडत होते. म्हणजे फाळके गरीब होते असे जे म्हटले जाते ते शेवटच्या काळापुरते खरे. पहिली उडी घेताना त्यांच्या पायाखाली पॉलिसी होती, शिक्षण होते, इंग्रजी होती, ओळखी होत्या. उचल त्यांनीही घेतली, पण ती ज्याच्याकडून घेतली तो मुकादम वेगळा होता.

परत आल्यावर सावकारांना दाखवायला काहीतरी हवे होते. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा समोर रोवून महिनाभराहून अधिक काळ रोज थोडी थोडी फिल्म घेत राहिले. पडद्यावर ते बी मिनिटाभरात फुटून वर आले, वेल झाला. सावकाराने ते पाहून पैसे द्यायचे कबूल केले. तेही तारण घेऊनच, आणि तारण म्हणून सरस्वतीबाईंचे दागिने गेले.

आता या सरस्वतीबाई. माहेरच्या करंदीकर. फाळक्यांच्या सिनेमाची जी कथा शाळेच्या पुस्तकात येते तिच्यात त्या दागिने देण्यापुरत्या येतात आणि निघून जातात. पतीसाठी त्याग करणारी पत्नी असा त्यांचा फोटो भिंतीला टांगला की काम झाले. प्रत्यक्षात त्या या कारखान्यातल्या पहिल्या कामगार होत्या. विलायतेहून येणाऱ्या कच्च्या फिल्मला कडेची भोके नसत. ती रात्री अंधाऱ्या खोलीत बसून पाडावी लागत, एक भोक चुकले तर पुढची सगळी पट्टी वाकडी. हे काम बाई करीत. फिल्म धुण्याची रसायने त्या कालवीत, फिल्म धूत. दिवसा उन्हात शूटिंग चाले तेव्हा पांढरी चादर धरून उजेड नटांच्या तोंडावर पाडण्याचे काम त्यांच्याकडे होते, आणि ती चादर तासन् तास हलवायची नसते. कंपनीतल्या साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्याच करीत. त्यांचे कपडे धूत. वर स्वतःची लेकरे होती. यातले कॅमेऱ्यामागचे काम आज सिनेमात ज्या माणसांकडे असते त्यांना तंत्रज्ञ म्हणतात आणि त्यांची नावे पाटीवर येतात.

तलवाड्याचा कोयता आम्ही सुरुवातीला सांगितला तो यासाठी. फाळके हेही एक कोयताच होते. दोन माणसे राबली आणि हिशेब एकाच्या नावावर लागला. फरक इतका की ऊसतोडीत निदान मुकादमाला तरी माहीत असते की कोयत्यात दोघे आहेत.

‘राजा हरिश्चंद्र’च्या वेळी फाळक्यांना तारामतीचे काम करायला बाई मिळेना. सभ्य म्हणवणाऱ्या घरांतल्या तर नाहीतच, पण ज्यांना समाजाने बाजारात बसवले होते त्या बायकांनीही नकार दिला. सिनेमा हा त्यांच्या धंद्याहूनही हलका धंदा समजला जात होता. शेवटी ग्रँट रोडच्या हॉटेलात काम करणारा अण्णा साळुंके त्यांच्या नजरेला पडला. सडपातळ बांधा, नाजूक हात. दहा रुपयांची नोकरी सोडून तो पंधरा रुपयांवर तारामती झाला. नटांच्या मिशा काढण्यावरून मोठा तंटा झाला, कारण बाप जिवंत असताना मिशी काढणे अशुभ. वांगणीला शूटिंगसाठी ढाल-तलवारी घेऊन गेलेल्या मंडळींना गावकरी दरोडेखोर समजले आणि पोलिसांनी सगळ्यांना बसवून ठेवले. सिनेमा म्हणजे काय हे त्यांना समजावता समजावता कंपनीच्या नाकी नऊ आले असणार! सहा महिने सत्तावीस दिवसांत सुमारे ३,७०० फूट फिल्म तयार झाली आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात खेळ लागला. फाळके तेव्हा त्रेचाळीस वर्षांचे होते.

या साळुंक्यांविषयी पुरवण्या लिहीत नाहीत, म्हणून आम्ही लिहितो. ‘लंकादहन’ या १९१७ च्या चित्रपटात राम आणि सीता ही दोन्ही कामे एकट्या साळुंक्यांनी केली. थिएटरात जे लोक रामाला हात जोडत होते आणि सीतेसाठी रडत होते, ते एका हॉटेलातल्या नोकराला हात जोडत होते आणि त्याच्याचसाठी रडत होते. पुढे साळुंके कॅमेऱ्यामागेही उभे राहिले. फाळक्यांनी छपाई सोडली हे धाडस असेल तर साळुंक्यांनी चूल सोडली हेही धाडसच आहे, आणि त्यांच्याजवळ गहाण टाकायला पॉलिसी नव्हती. बायकांच्या बाजूने पहिले पाऊल टाकले ते दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमलाबाई यांनी, त्याच १९१३ सालच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये. लेकीला घेऊन एकट्याने संसार ओढणाऱ्या दुर्गाबाईंना पोट भरायचे होते. कलेसाठी जीवन वाहण्याची भाषा नंतर इतरांनी त्यांना चिकटवली.

आणि याच खेळात जातीने अस्पृश्य ठरवलेली बाई उतरली तेव्हा काय झाले, तेही सांगितले पाहिजे. केरळात जे. सी. डॅनियल नावाच्या, दातांचे डॉक्टर म्हणून शिकलेल्या गृहस्थाने आपली मालमत्ता विकून ‘विगतकुमारन’ हा मल्याळमचा पहिला चित्रपट काढला. फाळक्यांसारखाच धंदा बदललेला माणूस. त्याने नायिका म्हणून घेतली पी. के. रोझी, पुलया जातीची, मजुरी करणारी, लोकनाट्यात काम केलेली मुलगी. तिने पडद्यावर नायर घराण्यातली स्त्री साकारली. तिरुवनंतपुरमला खेळ लागला आणि सवर्ण प्रेक्षक खवळले. पडद्यावर दगड आले, रोझीचे घर जाळले गेले, आणि ती मुलगी रातोरात पळून तमिळ मुलखात निघून गेली. पुढचे आयुष्य तिने नटी होते हे न सांगता काढले. डॅनियल कर्जात बुडाला, पण त्याच्या नावाने केरळ सरकार आज पुरस्कार देते. मुंबईत हॉटेलचा नोकर सीता झाला तर लोक पाया पडतात, आणि तिरुवनंतपुरमात पुलयाची पोर नायरीण झाली तर तिचे घर पेटते. धंदा बदलणे एकाला कला ठरते आणि दुसऱ्याला गुन्हा, ही बाबासाहेबांनी सांगितलेली गोष्ट या दोन थिएटरांत अगदी उघड दिसते.

फाळक्यांनी पहिल्या सिनेमासाठी हरिश्चंद्राचीच कथा का निवडली? नाटकांतून, कीर्तनांतून ती सर्वांना पाठ होती, मूकपटाला समजावून सांगण्याची गरज नव्हती, हे व्यवहाराचे कारण पटते. परंतु ती कथा आपल्या बाजूने बघा. राजाचे राज्य गेले, बायको-पोर विकले गेले, आणि आता त्याची याहून अधोगती होऊ शकत नाही हे दाखवण्यासाठी पुराणकर्त्याने त्याला कोणाच्या नोकरीला लावले? काशीच्या स्मशानातल्या डोंबाच्या. मढी जाळणे ही राजाची सत्त्वपरीक्षा, पण डोंबाचा तो पिढीजात धंदा. राजाची परीक्षा संपली की देव विमान घेऊन येतात. डोंब जिथल्या तिथे उभा. त्याला धंदा बदलायला सांगणारा एकही देव त्या पुराणात नाही. ही कथा पाहून भारतभरचे प्रेक्षक हळहळले आणि त्यांच्यापैकी कोणाच्या डोक्यात डोंबाचा विचार आला नाही. स्वतः आयुष्यात सहा-सात धंदे केलेल्या फाळक्यांच्याही आला नसावा, असे त्यांच्या एकूण चित्रपटांवरून आम्हाला वाटते. त्यांनी १९२३ साली ‘बुद्धदेव’ही काढला, पण त्यांच्या कामाचा मुख्य प्रवाह राम, कृष्ण आणि पुराणे हाच राहिला. हा राग म्हणून आम्ही मांडत नाही. एवढी नवी, यंत्राची, उजेडाची कला हातात आली आणि तिच्यातून जुनीच पोथी वाचली गेली, याची खंत मात्र आहे.

तो चित्रपट लागला त्याच १९१३ सालच्या जुलैत बावीस वर्षांचा भीमराव न्यूयॉर्कला पोहोचला. १९१३ च्या अखेरीस फाळक्यांनी आपली कंपनी नाशिकला हलवली. ज्या नाशकातून त्यांनी रामाला आणि कृष्णाला गावोगावच्या पडद्यांवर पाठवले, त्याच नाशकात २ मार्च १९३० पासून हजारो माणसे काळारामाच्या दाराशी उभी राहिली आणि पाच वर्षे दार उघडले नाही. पडद्यावरचा राम चार आण्यांत सर्वांना दिसत होता. तंबूतल्या खेळात तिकीट असले की बसता येत असे, जमिनीवर का होईना. देवळापेक्षा टुरिंग टॉकीज बरी, असे म्हणणारी म्हातारी माणसे आमच्या मराठवाड्यात आम्ही पाहिली आहेत.

फाळक्यांचे पुढचे आयुष्य थोडक्यात सांगता येते. ‘लंकादहन’ने इतका पैसा दिला की मद्रासेत नाण्यांच्या थैल्या बैलगाडीतून पोलीस बंदोबस्तात न्याव्या लागल्या. मग मोठे भांडवलदार आले, १९१८ साली हिंदुस्थान फिल्म कंपनी झाली, त्यांची मुलगी मंदाकिनी ‘कालियामर्दन’मध्ये बालकृष्ण झाली. पैसेवाल्यांना हिशेब हवा होता, फाळक्यांना मोकळे हात हवे होते. भांडणे होऊन ते काशीला निघून गेले, तिथे ‘रंगभूमी’ नावाचे नाटक लिहिले, पुन्हा परत आले, पुन्हा बाहेर पडले. १९३१ साली सिनेमा बोलू लागला आणि मूकपटाचा कारागीर एका झटक्यात जुना झाला. बाबासाहेबांनी ज्या उद्योगबदलाविषयी लिहिले तोच हा बदल, फक्त या वेळी त्याच्या धारेखाली फाळके स्वतः होते. तरी त्यांनी हार मानली नाही. कोल्हापूरला जाऊन ‘गंगावतरण’ हा बोलपट केला. तो १९३७ साली आला तेव्हा ते सदुसष्ट वर्षांचे होते. त्यानंतर काम मिळाले नाही. पैसा उरला नव्हता, आजारपण होते. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशकात ते गेले. १९६९ पासून भारत सरकार त्यांच्या नावाने चित्रपटसृष्टीतला सर्वांत मोठा पुरस्कार देते.

आमच्या समाजात चाळिशीनंतर कलेकडे वळलेली माणसे झालीच नाहीत काय? झाली, पण त्यांना धंदा सोडून वळता आले नाही, धंदा करता करता लपून वळावे लागले. फलटणच्या बेबीताई कांबळे किराणा दुकानात बसून लिहीत. गिऱ्हाईक आले की कागद बाजूला, गिऱ्हाईक गेले की पुन्हा पेन. पुडी बांधायच्या रद्दीवर वाचन आणि नवऱ्याला कळू नये म्हणून वह्या लपवून ठेवलेल्या, वीसेक वर्षे. १९८२ साली ‘स्त्री’ मासिकातून ते लेखन येऊ लागले तेव्हा बेबीताई पन्नाशी ओलांडून गेल्या होत्या. ‘जिणं आमुचं’ १९८६ साली पुस्तकरूपाने आले. फाळक्यांना सरस्वतीबाई होत्या. बेबीताईंच्या बाजूला चादर धरून उजेड पाडणारे कोणी नव्हते, आणि दुकान चालवायचे काम तर त्यांनाच होते. अण्णा भाऊ, वामनदादा यांची उदाहरणे वाचकांना माहीत आहेतच. त्यांना तर लहानपणी अक्षरच कोणी दिले नव्हते, तेव्हा मध्यान्ही धंदा बदलण्याची चैन कुठली.

म्हणून चळवळीतल्या तरुणांनी फाळक्यांना टाकून देऊ नये असे आमचे म्हणणे आहे. चाळिसाव्या वर्षी, डोळे गेलेले असताना, सगळे गाव वेडा म्हणत असताना जो माणूस कुंडीतल्या वाटाण्याचे महिनाभर फोटो घेत बसतो, त्याच्या चिकाटीला जात विचारायची नसते. परंतु त्याच्या विम्याच्या पॉलिसीला, त्याच्या कलाभवनाला आणि त्याच्या बायकोच्या रात्रींना मात्र हिशेब विचारायचा असतो. ऊसतोडीहून परतलेल्या माणसाच्या पोराला किंवा त्या माणसालाच उद्या कॅमेरा धरावासा वाटला, तर त्याच्यासाठी तालुक्याच्या ठिकाणी एखादे कलाभवन आहे काय? उचल न घेता सहा महिने घर चालेल अशी सोय आहे काय? वसतिगृहे आहेत, ती पोरांसाठी. चाळिशीच्या माणसासाठी काय आहे? आपल्या संस्थांच्या चालकांनी या प्रश्नावर एखादी बैठक घ्यावी. जयंती-पुण्यतिथीच्या खर्चातला थोडा भाग तिकडे वळला तरी सुरुवात होईल.

नाशिकला फाळक्यांचे स्मारक आहे ते त्रिरश्मी लेण्यांच्या पायथ्याशी, बुद्धविहाराला लागून. आपली माणसे गाड्या करून लेण्यांवर जातात, विहारात वंदना करतात आणि स्मारकाच्या बागेत डबे सोडून बसतात. वरच्या लेण्यांत दानांचे लेख कोरलेले आहेत. राजांचे आहेत, राण्यांचे आहेत, आणि एका लहान लेण्यावर मुगुदास नावाच्या माणसाचा लेख आहे. तो मासे धरणारा कोळी असावा असे अभ्यासकांनी त्या शब्दावरून ठरवले आहे. हे लेणे आपण दिले असे त्याने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी खडकावर कोरून घेतले, आणि देणाऱ्यांत एकट्याचे नाव न लिहिता परिवारासह असे लिहून घेतले.